माणसाच्या आधी मेंढी उडाली

उडण्याचा विषय निघाला की आपण डायरेक्ट राईट बंधूंवर जातो, पण माणूस त्याच्या १२० वर्षं आधीच हवेत जाऊन आला होता आणि माणसाच्याही आधी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा!

फ्रान्समधले जोसेफ आणि एतिएन माँगोल्फिए हे भाऊ, घरचा धंदा कागदाचा. कापडाला आतून कागद लावून त्यांनी मोठ्ठा फुगा केला, खाली जाळ पेटवला आणि फुगा वर गेला. गंमत म्हणजे तो का वर जातो हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांना वाटायचं धुरात काहीतरी हलका वायू असतो, म्हणून मुद्दाम धूर होईल असा पेंढा नि लोकर जाळायचे. खरं काम करत होती नुसती गरम हवा, ती तापली की पसरते म्हणजे तेवढ्याच जागेत तिचं वजन कमी भरतं, आणि बाहेरची थंड जड हवा फुग्याला वर ढकलते. थिअरी चुकीची, फुगा मात्र उडाला :)

१९ सप्टेंबर १७८३, व्हर्सायचा राजवाडा, राजाराणी बघतायत. वर गेल्यावर जीव जगतो का हेच माहीत नव्हतं, म्हणून प्राणी पाठवले. आठेक मिनिटांत तिन्ही सुखरूप खाली. कोंबड्याचा पंख तेवढा दुखावलेला, लगेच चर्चा सुरू की वरच्या हवेनेच झालं, पण बघणारे म्हणाले अहो उडायच्या आधीच मेंढीने लाथ घातली होती.

मग माणसाची पाळी. राजा म्हणे कैद्यांना पाठवा. पिलात्र द रोझिए नावाच्या विज्ञान शिकवणाऱ्या तरुणाला ते पटेना, हा मान कैद्यांना कशाला? शेवटी २१ नोव्हेंबरला तो आणि मार्की (म्हणजे सरदार) दार्लांद असे दोघं पॅरिसवरून उडाले, साधारण २५ मिनिटं, ९ किलोमीटर. दार्लांद खालची सेन नदी बघण्यात रमला आणि रोझिए ओरडतोय की बाबा पेंढा टाक नाहीतर नदीतच पडू. त्यात ठिणग्यांनी कापडाला भोकं पडायला लागली, ती ओल्या स्पंजने विझवायची आणि परत जाळावर पेंढा टाकायचा!

दीड वर्षाने, जून १७८५ मध्ये, रोझिए इंग्लिश खाडी पार करायला निघाला. या वेळी वर हायड्रोजनचा, म्हणजे हलक्या पण भडकन पेटणाऱ्या वायूचा फुगा आणि त्याच्या खालीच गरम हवेचा, म्हणजे जाळ पण सोबत. फुगा फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच कोसळला, तो आणि त्याचा जोडीदार दोघंही गेले.