ट्रॉलीची सुरक्षा साखळी : निवड, जोडणी आणि तपासणी

ऊस वाहतुकीसाठी आमच्याकडून ट्रॉली घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या दांडीवर, ट्रॅक्टरला जोडणारी पिन ज्या डोळ्यातून जाते त्याच्या थोडे मागे, दोन्ही बाजूंना जाड पोलादी पट्टीचा एकेक कान बसवलेला असतो आणि त्याला एक भोक असते. हे कान सुरक्षा साखळीसाठी आहेत. हंगामात दुरुस्तीला आलेल्या ट्रॉल्या पाहिल्यावर असे दिसते की बऱ्याच ठिकाणी या कानांना उसाचा दोर बांधलेला असतो आणि साखळी, असलीच तर, पिनेलाच गुंडाळलेली असते. म्हणून गाळप सुरू होण्याआधी हे पत्रक काढले आहे. ट्रॅक्टरचा मालक आणि चालक वेगळे असल्यास ते चालकालाही वाचायला द्यावे, ही विनंती.

ट्रॉली ओढण्याचे काम पिनेचे आहे. साखळी एरवी नुसती लोंबकळत असते. पिन तुटली, उडाली किंवा डोळ्याचे वेल्डिंग सुटले, तरच तिच्यावर भार येतो. अशा वेळी दांडी खाली पडून रस्त्यात रुतू शकते, चढावर ट्रॉली उलटी मागे येऊ शकते आणि उतारावर ती ट्रॅक्टरच्या बाजूने पुढे सरकून समोरच्या वाहनावर जाऊ शकते. उसाच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसल्याने सुटलेली ट्रॉली थांबवायला दुसरे काहीच उरत नाही. साखळीने ट्रॉलीला ट्रॅक्टरमागे धरून ठेवायचे असते आणि दांडीला रस्त्यावर आपटू द्यायचे नसते. पुढे सांगितलेल्या सगळ्या सूचना या दोन कामांतूनच आलेल्या आहेत.

साखळी कशाला अडकवावी

पिन गेली तरी जी जागा शाबूत राहील, अशाच जागी साखळी अडकवावी. पिनेला गुंडाळलेली साखळी पिनेबरोबरच निघून जाते, त्यामुळे ती असून नसल्यासारखी असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे खालचे दोन हातही यासाठी वापरू नयेत, कारण ते वरखाली होण्यासाठी केलेले असतात आणि मागून आडवा झटका सहन करण्याची त्यांची तयारी नसते. ट्रॅक्टरच्या मागच्या बॉडीला बोल्टने घट्ट बसवलेल्या हूकच्या ब्रॅकेटवर, पिनेच्या भोकापासून वेगळे आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे कान बसवून घ्यावेत. ते आम्ही करून देतो.

दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी मागच्या ट्रॉलीची साखळी पुढच्या ट्रॉलीच्या चासीच्या मागच्या आडव्या चॅनेलला अडकवावी. तेथील हूकला किंवा हूकच्या पिनेला ती अडकवू नये.

किती जाडीची साखळी

नियम सोपा आहे. साखळी जितके वजन अडवणार, त्या भरलेल्या वजनापेक्षा तिचा तुटण्याचा भार जास्त असला पाहिजे, आणि हा हिशेब दोनपैकी एकेका साखळीसाठी स्वतंत्रपणे जमला पाहिजे, कारण झटका बसतो तेव्हा तो दोन्हींवर सारखा वाटला जाईल याची खात्री नसते.

रिकामी ट्रॉली अडीच टन आणि तिच्यात दहा टन ऊस धरला, तर साडेबारा टन होतात. ग्रेड ८० च्या (ग्रेड म्हणजे साखळीच्या पोलादाच्या ताकदीचा दर्जा) १० मिमी साखळीचा तुटण्याचा भार १२.८ टन असतो, म्हणजे ती जेमतेम पुरते, आणि ट्रॉलीत दहा टनांवरच थांबणारे ग्राहक आम्हाला फारसे माहीत नाहीत. त्याच ग्रेडची १३ मिमी साखळी २१.६ टनांना तुटते, म्हणून एका ट्रॉलीसाठी आम्ही १३ मिमी देतो. दुकानात तोलून मिळणारी ग्रेड ३० ची साधी साखळी १३ मिमी असली तरी आठ टनांच्या आसपासच तुटते. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून फसगत होते. ग्रेड ८० च्या साखळीवर काही काही कड्या सोडून ८, ८० किंवा टी८ असा शिक्का उठवलेला असतो. शिक्का नसलेली साखळी, ती कितीही जड लागली, साधीच समजावी.

साखळीच्या पावतीवर ५.३ टन असा आकडा पाहून काही ग्राहक शंका घेतात. तो उचलण्याच्या कामाचा सुरक्षित भार आहे आणि तुटण्याचा भार त्याच्या चौपट असतो, इतके लक्षात ठेवले म्हणजे गोंधळ होत नाही.

दोन ट्रॉल्यांच्या जोडीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ट्रॅक्टर आणि पुढची ट्रॉली यांच्यामधली पिन गेली, तर तिथल्या साखळीवर दोन्ही ट्रॉल्यांचे, म्हणजे वरच्या हिशेबाने पंचवीस टन वजन येते. तिथे १३ मिमी पुरत नाही. त्या जागी ३२.८ टनांना तुटणारी १६ मिमी साखळी घ्यावी. मागच्या ट्रॉलीला १३ मिमी चालते. पैसे वाचवायचे म्हणून दोन्हीकडे एकच माप लावण्याचा आग्रह आम्ही मान्य करत नाही.

शॅकलचीही, म्हणजे साखळी कानाला जोडणाऱ्या, तोंडाशी आडवी पिन असलेल्या यू आकाराच्या कडीचीही हीच गोष्ट. १३ मिमी साखळीला ४.७५ टनांचे आणि १६ मिमी साखळीला ८.५ टनांचे शॅकल लागते. हा आकडा शॅकलच्या अंगावरच असतो. पण ४.७५ टनांच्या शॅकलची पिन २२ मिमीची असते आणि १३ मिमी साखळीच्या कडीची आतली रुंदी जेमतेम १७ मिमी असते, त्यामुळे ती कडीत शिरत नाही. मग दुकानदार कडीत बसेल असे लहान शॅकल हातात देतो आणि भरभक्कम साखळीची सगळी ताकद त्या लहान शॅकलपाशी येऊन संपते. यासाठी आम्ही साखळीच्या दोन्ही टोकांना त्याच ग्रेडची मोठी कडी जोडून देतो. शॅकल त्या कडीत घालावे. साधा नटबोल्ट घालून दोन कड्या जोडणे तर पूर्ण टाळावे. बोल्ट वाकतो आणि आट्यांपाशी तुटतो.

जोडण्याची रीत

आधी ट्रॅक्टर बंद करून हँडब्रेक लावावा आणि ट्रॉलीच्या चाकाच्या पुढेमागे लाकडी ठोकळे किंवा दगड लावावेत. इंजिन चालू ठेवून कोणालाही ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये वाकू देऊ नये. पिन वरून खाली घालून तिच्या भोकात लिंच पिन, म्हणजे ती निघू नये म्हणून अडकवायची छोटी पिन, बसवावी. तिच्या जागी सळईचा तुकडा किंवा खिळा वाकवून घालण्याची सवय मोडावी, कारण खराब रस्त्यावर पिन वर उडते ती याच जागेमुळे. दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागच्या बाजूला जास्त रचला गेला तर दांडी वर उचलू पाहते आणि पिनेला सतत वर ओढत राहते, तेव्हा हा धोका आणखी वाढतो.

त्यानंतर दोन्ही साखळ्या दांडीच्या खालून फुलीसारख्या न्याव्यात. दांडीच्या डाव्या कानाची साखळी ट्रॅक्टरच्या उजव्या कानाला आणि उजव्याची डाव्याला जोडावी. यामुळे दांडीखाली साखळ्यांची झोळी तयार होते आणि पिन सुटली तर दांडी रस्त्यावर न पडता त्या झोळीत अडकते. फुलीचा दुसरा फायदा वळणावर मिळतो: सरळ लावलेल्या साखळ्यांपैकी बाहेरच्या बाजूची लवकर ताणली जाते, तेवढी फुलीतली ताणली जात नाही.

लांबी ठरवताना घाई करू नये. साखळी फार आखूड असेल तर कारखान्याच्या आवारात पूर्ण वळण घेताना ती ताणून कान उपटते. फार लांब असेल तर रस्त्यावर घासून झिजते, झोळी जमिनीला टेकते, आणि पिन सुटल्यावर ट्रॉली जितकी मोकळी मागे जाईल तितका झटकाही मोठा बसतो. सपाट जागेवर ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावा. त्या स्थितीत साखळी ताणली न जाता किंचित सैल राहिली, आणि सरळ उभे असताना जमिनीपासून वीतभर वर राहिली, म्हणजे लांबी बरोबर आहे. फडातून चारी ओलांडून रस्त्यावर चढताना ट्रॅक्टर वर आणि ट्रॉली खाली असते, ती स्थितीही एकदा पाहून घ्यावी.

साखळी लांब वाटली म्हणून तिला पीळ देऊ नये किंवा गाठ मारू नये. पिळलेल्या साखळीत कड्या एकमेकींवर कडेने बसतात आणि भार आला की आपल्या ताकदीच्या बऱ्याच आधी दगा देतात. जास्तीच्या कड्या कापून घ्याव्यात. ग्रेड ८० च्या साखळीला वेल्डिंग मात्र कदापि करू नये. तिला भट्टीत दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते आणि वेल्डिंग केलेली कडी कच्ची राहते. दांडीवर कुठेही वेल्डिंगचे काम निघाले तर साखळी आधी सोडून बाजूला ठेवावी.

शॅकलची पिन पूर्ण आवळून तिच्या डोळ्यातून बांधणीची तार घ्यावी आणि ती शॅकलच्या अंगाला पीळ देऊन बांधावी, नाहीतर हादऱ्यांनी पिन एकेक आटा उलटी फिरत बाहेर येते. साखळीला हूक लावण्याची पद्धतही आहे, पण उसाच्या रस्त्यांवर तोंडावरची पट्टी तुटलेले हूक इतके पाहायला मिळतात की आम्ही शॅकलच सुचवतो.

वाटेत पिन सुटली तर

मागून एकदम धक्का बसला आणि खडखडाट सुरू झाला, तर चालकाने जोरात ब्रेक दाबू नये. ट्रॅक्टर जागीच थांबला तर मागची भरलेली ट्रॉली त्याच्यावर चढते. गॅस सोडून, साखळी ताणलेली राहील अशा बेताने वेग हळूहळू कमी करावा आणि डाव्या कडेला थांबावे. असा झटका बसलेली साखळी व शॅकल पुन्हा वापरू नयेत, वरून चांगली दिसत असली तरी.

तपासणी

प्रत्येक खेपेला लिंच पिन आणि शॅकलची तार नुसती नजरेखालून घातली तरी पुरते. आठवड्यातून एकदा मात्र साखळी सोडून, पुसून, एकेक कडी पाहावी. झीज कड्यांच्या टोकांना, जिथे एक कडी दुसरीवर घासते तिथे होते, म्हणून माप तिथेच घ्यावे: १३ मिमीची कडी ११.७ मिमीच्या खाली आणि १६ मिमीची १४.४ मिमीच्या खाली गेली, की साखळी बदलावी. कड्या ताणून लांबल्या असतील, वाकल्या असतील किंवा त्यांवर चीर दिसत असेल, तर मापाची वाट पाहू नये. जाडी मोजायचे व्हर्नियर नसेल तर साखळी आमच्याकडे आणावी. माप घेण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

ट्रॅक्टरच्या हूकची उंची आणि ब्रॅकेटची रुंदी मॉडेलप्रमाणे बदलते, त्यामुळे फोनवर सांगितलेल्या मापावरून आम्ही साखळी कापून देत नाही. कान बसवायला येताना ट्रॉलीबरोबर, ती ज्या ट्रॅक्टरला लावणार तो ट्रॅक्टरही आणावा, आणि जोडी चालवणाऱ्यांनी दोन्ही ट्रॉल्या आणाव्यात.