वेबसाठी इमेज एक्सपोर्ट आणि फाइल साइज

फोटो किंवा डिझाइन वेबवर टाकायच्या आधी ते दिसायला नीट राहील आणि उघडायला वेळही खाणार नाही अशा बेताने सेव्ह करायचं, याला एक्सपोर्ट म्हणतात. फाइल किती मोठी होणार ते पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) किती, फॉरमॅट कुठला आणि क्वालिटीचा आकडा काय यावर ठरतं. बहुतेक जण थेट क्वालिटी कमी करायला लागतात, खरं तर आधी पिक्सेल बघायला हवेत.

इंदूरच्या राजवाड्याचा मोबाइलवर काढलेला ४००० बाय ३००० चा फोटो घ्या. एका पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे कॉम्प्रेस करायच्या आधी ३ कोटी ६० लाख बाइट, तोच १२०० बाय ९०० केला की ३२ लाख ४० हजार, क्वालिटीला हात न लावता अकरा पट फरक. रुंदी-उंची दोन्ही अर्धी केली की पिक्सेल पाव उरतात. डीपीआय (एका इंचात किती ठिपके) ७२ ठेवा की ३००, पिक्सेल तेवढेच असतील तर वेबवर काही फरक पडत नाही, तो आकडा छपाईसाठी.

फोटोला जेपेग (१९९२) हा फॉरमॅट. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतो आणि डोळ्याला फारसे जाणवत नाहीत ते बारकावे टाकून देतो, साधारण ७०-८० क्वालिटीला बहुतेक फोटो छान दिसतात. पीएनजी (१९९६) काहीच टाकत नाही, म्हणून स्क्रीनशॉटला उत्तम पण फोटोला फार जड. लोगो व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत साठवलेला, असेल तर सरळ एसव्हीजी हा फॉरमॅट. गुगलचा वेबपी २०१० चा, गुगलच्याच मोजणीत तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान.

मराठी अक्षरांचं मात्र वेगळं आहे आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. आमच्या इंदूरच्या मंडळाची गणेशोत्सवाची निमंत्रणं पिवळ्यावर लाल अक्षरांत असतात, एका वर्षी मी ते जेपेगमध्ये पाठवलं तर शिरोरेषेभोवती मळकट डाग आणि मात्रा, अनुस्वार पसरलेले. कारण असं की जेपेग बऱ्याचदा उजेड पूर्ण ठेवतो पण रंगाची माहिती चार पिक्सेल मिळून एकच ठेवतो, त्याला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात, आणि लाल-पिवळ्याच्या काठावर ते लगेच दिसतं. अशा वेळी सेटिंग ४:४:४ करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा राहतो, किंवा पीएनजी घ्या, सपाट रंग असले तर पीएनजी बऱ्याचदा लहानही होते. मूळ फाइल वेगळी जपून ठेवायचीच, जेपेग उघडून बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडं थोडं गळतं.

रात्रीचे फोटो सगळ्यात हट्टी. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या (दिव्यांनी सजवलेले फिरते देखावे) निघतात तेव्हा अंधारात मोबाइल आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवतो, आकाशात बारीक दाणे येतात आणि जेपेगला ते दाणेही बारकावेच वाटतात, त्यामुळे काळंकुट्ट रिकामं आकाश असूनही फाइल फुगते. एक्सपोर्टच्या आधी थोडं नॉइज रिडक्शन, म्हणजे ते दाणे कमी, केलं की चांगलीच उतरते, पण जास्त केलं तर दिव्यांच्या माळांचा लगदा होतो, म्हणून १०० टक्के झूम करून आधी माळांमधले दिवे सुटे दिसतायत का ते बघायचं आणि मगच सेव्ह करायचं.