‘लिटल हाउस’चा संच मागण्यापूर्वी : पालकांसाठी माहितीपत्रक

‘लिटल हाउस’ ही अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांची स्वतःच्या बालपणावर बेतलेली पुस्तकमालिका. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर आणि पुन्हा दिवाळीत आमच्या दुकानात एक प्रसंग ठरल्यासारखा घडतो. ग्राहक मोबाइलवर मुखपृष्ठाचे चित्र दाखवतात आणि ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हवे आहे, मुलगी ८ वर्षांची आहे, तेव्हा पूर्ण संचच द्या, असे सांगतात. तीन आठवड्यांनी तोच संच परत येतो. प्लास्टिकचे वेष्टन फाडलेले असते आणि एकाच पुस्तकात, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी, खुणेचा कागद अडकलेला असतो. असा संच वितरक परत घेत नाही आणि आम्हालाही तो नवा म्हणून विकता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे मुलीने त्या लेखिकेच्या नावावर फुली मारलेली असते.

चूक संच घेण्यात आहेच, पण खरी चूक आहे ती गाजलेल्या नावापासून सुरुवात करण्यात. १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेला ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हे नाव दिले गेले, आणि तेव्हापासून हेच पहिले पुस्तक असावे असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे पहिले पुस्तक ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ १९३२ साली आले, दुसरे ‘फार्मर बॉय’ १९३३ साली, आणि ‘प्रेअरी’ १९३५ साली. निरनिराळ्या आवृत्त्यांवर ‘फार्मर बॉय’ आणि ‘प्रेअरी’ यांचे क्रमांक उलटसुलट छापलेले आढळतात, त्यामुळे पाठीवरच्या आकड्यावर विसंबून राहू नये. ‘फार्मर बॉय’ हे लॉराच्या भावी पतीच्या बालपणाचे पुस्तक आहे. ते मागाहून वाचले तरी कथेचा धागा तुटत नाही.

‘प्रेअरी’ मुलाच्या हाती एकट्याने देऊ नये असे आम्ही सुचवतो, याचे कारण क्रमापलीकडचे आहे. लॉराचे कुटुंब कॅन्ससमध्ये ज्या माळावर घर बांधते, ती जमीन त्या वेळी ओसेज या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रात होती. म्हणजे घर दुसऱ्याच्या जागेवर उभे राहत होते. पुस्तकात ही गोष्ट लहान मुलीच्या नजरेतून, अर्धवट उलगडलेली येते, आणि काही शेजाऱ्यांच्या तोंडी मूळ रहिवाशांविषयी अतिशय कठोर वाक्ये आहेत. पहिल्या आवृत्तीत तर त्या मुलखात ‘माणसे’ राहत नाहीत, केवळ इंडियन (म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी) राहतात, अशा अर्थाचे वाक्य होते. वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३च्या आवृत्तीत ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतकरी’ असा बदल करण्यात आला. आपल्याकडील मुलांची अडचण आणखी निराळी असते. गेल्या वर्षी एका चौथीतल्या मुलाने आमच्या काउंटरवर हनुवटी टेकवून विचारले, “यातले इंडियन म्हणजे आपणच ना? मग त्यांच्या डोक्यात पिसे का?” या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी घरात जवळ बसलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे पुस्तक बंद झाले आहे का, असेही काही ग्राहक विचारतात. तसे झालेले नाही. २०१८ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डर यांच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार नव्या नावाने देण्यास सुरुवात केली; पुस्तके मात्र छापली जातात आणि आम्हीही ती ठेवतो.

सुरुवात ‘बिग वुड्स’पासून करावी. विस्कॉन्सिनच्या जंगलातले एका कुटुंबाचे एक वर्ष, छोटी प्रकरणे, आणि गोष्टीपेक्षा कामांची वर्णने अधिक : लोणी घुसळणे, बंदुकीच्या गोळ्या ओतणे, मेपलच्या झाडाचा रस काढून आटवणे. उकळता पाक ताटलीतल्या स्वच्छ बर्फावर ओतून मुले तो गोठताच खातात, हा प्रसंग ज्याने गुऱ्हाळावर उभे राहून गरम काकवी चाखली आहे त्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र पहिल्याच प्रकरणात डुक्कर कापण्याचे आणि मांस धुरावण्याचे सविस्तर वर्णन आहे. शाकाहारी घरांतून यावर तक्रारी आल्या, म्हणून आता आम्ही ते आधीच सांगतो. ते प्रकरण पालकांनी स्वतः वाचून ठरवावे.

त्यानंतर लगेच ‘प्रेअरी’कडे न वळता लुईस अर्ड्रिक यांचे ‘द बर्चबार्क हाउस’ (१९९९) घ्यावे, ही आमची आग्रहाची शिफारस आहे. अर्ड्रिक स्वतः ओजिब्वे या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या वंशातल्या असून पुस्तकातील चित्रेही त्यांनीच काढली आहेत. कथा १८४७ सालची, लेक सुपीरियर या सरोवरातील एका बेटावरची. ते बेटही आज विस्कॉन्सिनमध्येच येते, म्हणजे लॉराच्या जंगलाच्याच राज्यात, आणि कथा तिच्या जन्माच्या वीस वर्षे आधीची. ओमाकायास नावाची ओजिब्वे मुलगी झाडाच्या सालीचे घर बांधण्यात हातभार लावते, पिकावरचे कावळे हाकते, आणि हो, मेपलची साखरही करते. एकच झाड, एकच साखर, पण अंगण दुसऱ्याचे. ही दोन पुस्तके लागोपाठ वाचलेले मूल ‘प्रेअरी’ वाचताना आपणहून योग्य प्रश्न विचारते. हिवाळ्याच्या भागात देवीची साथ येते आणि घरातील तान्हे मूल दगावते, हे हळव्या मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

मग ‘प्रेअरी’ अवश्य वाचावे, तेही मोठ्याने. सगळे कुटुंब हिवतापाने एकाच वेळी आडवे होते आणि शेजारीण त्याचे खापर कलिंगडांवर फोडते, ते प्रकरण आले की पुस्तक क्षणभर मिटावे. डासांमधील हिवतापाच्या जंतूंचा माग रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादेत लागला, हे सांगायला यासारखी दुसरी संधी मिळणार नाही.

याच मालिकेतले ‘द लाँग विंटर’ (१९४०) मात्र मूल १० वर्षांचे होण्यापूर्वी देऊ नये. डाकोटा प्रदेशातला १८८०-८१चा तो हिवाळा, बर्फाने अडलेल्या आगगाड्या, संपलेला कोळसा. बापलेक वाळक्या गवताचे पीळ घालून जळण करतात आणि कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात घरातले सगळे पाळीपाळीने गहू दळतात. आमच्या मते मालिकेतले हे सर्वोत्तम पुस्तक आहे, आणि लवकर दिल्यामुळे सर्वाधिक वाया जाणारेही. जाड पुस्तकाला घाबरणाऱ्या मुलांसाठी पॅट्रिशिया मॅक्लाक्लन यांचे ‘सारा, प्लेन अँड टॉल’ (१९८५) हे अगदी छोटे पुस्तक आहे. ११-१२ वर्षांच्या वाचकांना लिंडा स्यू पार्क यांचे ‘प्रेअरी लोटस’ (२०२०) द्यावे; त्यातील नायिकेची आई चिनी वंशाची असून कथा लॉराच्याच डाकोटा प्रदेशातली आहे.

आम्ही संच विकायला नाखूश असतो, असा काहींचा गैरसमज आहे. संच विकण्यातच आमचा फायदा अधिक आहे, हे उघड आहे. तरीही पहिल्या खेपेला एकच पुस्तक घ्यावे, असे आम्ही सुचवतो. आमच्या वाचनालय विभागात ‘बिग वुड्स’ आणि ‘बर्चबार्क’ यांच्या प्रत्येकी तीन प्रती असून त्या अनामत भरून १५ दिवसांसाठी नेता येतात. पुढे पुस्तक विकत घेतल्यास अनामत किमतीतून वजा केली जाते. वेष्टन फोडलेला संच यापुढे परत घेतला जाणार नाही. संच घ्यायचाच असेल, तर वेष्टन फोडण्यापूर्वी आमच्याकडील सुट्या प्रतीतील दोन प्रकरणे मुलाकडून इथेच वाचून घ्यावीत. खिडकीजवळचा बाक त्यासाठीच ठेवलेला आहे, आणि दुपारी तीन ते पाच या वेळात दुकानात फारशी गर्दी नसते.