सर्व्हरने दिलेला बिल्ला हरवतो कुठे?

जावा प्रोग्रामने एखाद्या संकेतस्थळावर लॉगिन केलं, तर सर्व्हरने दिलेला ओळख-क्रमांक कसा मिळवायचा? ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. विनंती आली, उत्तर गेलं, की ओळख संपली. पुढच्या विनंतीला तुम्ही पुन्हा अनोळखी. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर तोडगा काढला. सर्व्हरने एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने ती दर वेळी परत दाखवायची. हीच कुकी, म्हणजे आपला बिल्ला. जावा सर्व्हरवर या चिठ्ठीचं नाव बहुधा 'जेसेशनआयडी' असतं. टॉमकॅट हा जावा सर्व्हर त्यासाठी १६ बाइटची यादृच्छिक संख्या, म्हणजे ओळख-क्रमांक, काढतो आणि ती ३२ अक्षरांत लिहितो.

ब्राउझर चिठ्ठी आपोआप सांभाळतो. आपण लिहिलेला जावा प्रोग्राम मात्र सांगितल्याशिवाय सांभाळत नाही. मग माणूस उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळींत) कुकी देणारी 'सेट-कुकी' ही ओळ शोधायला जातो आणि तिथे काहीच नसतं. लॉगिन तर झालेलं असतं!

गोम रिडायरेक्टमध्ये आहे. पासवर्ड जुळला की सर्व्हर अनेकदा ३०२ हा संकेत देतो, म्हणजे 'आता त्या पानावर जा', आणि बिल्ला याच मधल्या उत्तरात चिकटवतो. जावाचा जुना 'एचटीटीपी यूआरएल कनेक्शन' हा वर्ग (विनंत्या पाठवणारा तयार कोड) आगाऊपणे स्वतःच पुढच्या पानावर जातो. आपल्या हाती येतं ते शेवटचं उत्तर. बिल्ला मधल्या मध्ये गळतो.

रिडायरेक्ट बंद करून हेडर हाताने फोडता येतं. पण मला तो उद्योग पटत नाही. 'सेट-कुकी' एकाहून जास्त वेळा येऊ शकते आणि एकच हेडर मागणारी पद्धत त्यातली शेवटचीच देते. त्यापेक्षा कुकी सांभाळणारा जावाचा तयार 'कुकी मॅनेजर' आधीच बसवावा. तो जावा ६ पासून आहे, रिडायरेक्टच्या वाटेवरच्या कुकीही टिपतो आणि पुढच्या विनंतीला स्वतःहून जोडतो. क्रमांक पाहायचाच असेल, तर त्याच्या साठ्यातून नावाने शोधावा. जावा ११ मधल्या नव्या 'एचटीटीपी क्लायंट'लाही हा मॅनेजर वेगळा जोडावाच लागतो.

कुकीवर 'एचटीटीपी ओन्ली' लिहिलेलं पाहून घाबरू नये. ती मनाई पानातल्या जावास्क्रिप्टला आहे, जावाला नाही. (नावातलं साम्य सोडलं तर या दोन भाषांचा संबंध नाही.)

क्रमांक मिळाल्यावरही घाईने जपून ठेवू नका. लॉगिन होताच नीट बांधलेला सर्व्हर क्रमांक बदलतो. नाहीतर कुणी आधीच आपला क्रमांक तुमच्या गळ्यात अडकवून मागून आत शिरेल. त्यामुळे लॉगिनआधी टिपलेला बिल्ला दारावरच नाकारला जातो.