जेफरसन यांची पत्रे आणि हत्तीची दाढ

एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने डायर वुल्फ हा हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी पुन्हा जन्माला घातल्याचे जाहीर केले आणि जगभरच्या माध्यमांनी ती बातमी उचलून धरली. प्रत्यक्षात करड्या लांडग्याच्या १४ जनुकांमध्ये २० बदल करून ती पिल्ले जन्माला घातली होती. वर्तमानपत्राची सत्य, संभाव्य, शक्य आणि असत्य अशा चार भागांत विभागणी करावी आणि त्यांतला पहिला भाग अगदीच छोटा असेल, असे अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८०७मध्ये वर्तमानपत्र काढू पाहणाऱ्या एका तरुणाला पत्रातून कळवले होते. ही बातमी पहिल्या भागात नक्कीच बसली नसती.

१८०९मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त होऊन जेफरसन व्हर्जिनियातील माँटिचेलो येथे राहू लागले. १८१२पासून जॉन ॲडम्स या जुन्या राजकीय प्रतिस्पर्ध्याशी त्यांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. वर्तमानपत्रे सोडून आपण टॅसिटस, थ्युसिडिडीस, न्यूटन आणि युक्लिड वाचू लागलो असून अधिक सुखी आहोत, असे त्यांनी तेव्हाच लिहिले. या पत्रांच्या प्रती आज उपलब्ध आहेत याचे मोठे श्रेय पॉलिग्राफ या यंत्राला आहे. त्यात दोन लेखण्या एकमेकींना जोडलेल्या असत आणि एकीने लिहिले की दुसरी शेजारच्या कागदावर तेच उमटवी. ते यंत्र पुरवणारे चार्ल्स विल्सन पील यांनीच १८०१मध्ये न्यूयॉर्क राज्यात मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा सांगाडा उकरून काढला होता.

मॅस्टोडॉन हा जेफरसन यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. निसर्ग आपली एकही प्राणिजाती नष्ट होऊ देत नाही, अशी त्यांची ठाम धारणा होती, आणि निसर्गाच्या साखळीतील एक दुवा गेला तर एकेक करून सगळेच जाईल, असे त्यांनी १७९७च्या निबंधात लिहिले. हा प्राणी पश्चिमेच्या अज्ञात प्रदेशात अजून फिरत असेल, अशी त्यांना आशा होती. बातम्यांच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा माणूस स्वतःची ही धारणा मात्र न पारखताच सत्याच्या भागात ठेवून बसला होता, असे मला वाटते.

या धारणेला खरा धक्का दिला तो दाढांनी. हत्तीची दाढ म्हणजे उभ्या पातळ पट्ट्यांची चळत असते. प्रत्येक पट्टीत आत डेंटिन हा दाताचा मुख्य घटक, भोवती एनॅमल हे सर्वांत कठीण कवच, आणि सर्व पट्ट्यांना सांधणारे सिमेंटम. या तिन्हींचा कठीणपणा वेगवेगळा असल्यामुळे चावताना मऊ भाग लवकर झिजतो आणि एनॅमलच्या कडा वर उरतात. त्यामुळे जात्याला जशी वरचेवर टाकी लावावी लागते तशी या दाढेला लावावी लागत नाही, ती दळता दळताच खरखरीत राहते. झिजलेली दाढ पुढे सरकत तुकड्या-तुकड्यांनी गळते, मागून नवी येते आणि आयुष्यभरात जबड्याच्या प्रत्येक बाजूला अशा सहा दाढा येऊन जातात. आशियाई हत्तीच्या दाढेवर या पट्ट्या अरुंद आणि जवळजवळ समांतर दिसतात, आफ्रिकी हत्तीच्या दाढेवर त्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या आणि संख्येने कमी असतात, तर मॅमथच्या दाढेत त्या अधिक पातळ आणि दाट असतात. ओहायो नदीच्या परिसरात सापडणाऱ्या प्राण्याच्या दाढेवर मात्र पट्ट्याच नव्हत्या. तिथे जाड एनॅमलचे जोडीजोडीने उभे राहिलेले बोथट सुळके होते. ते पाहून १७६८मध्ये ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी त्याला मांसाहारी ठरवले होते, प्रत्यक्षात ते डहाळ्या आणि पाला चिरडण्याचे साधन होते. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १७९६मध्ये पॅरिसमध्ये या दाढा आणि जबडे शेजारी ठेवून दाखवून दिले की मॅमथ आणि ओहायोचा प्राणी हे आजच्या हत्तींपेक्षा वेगळे आहेत, आणि एवढा मोठा प्राणी कुणाच्याही नजरेस न पडता जगू शकत नाही, त्या अर्थी तो नामशेष झाला आहे. ओहायोच्या प्राण्याला मॅस्टोडॉन हे नाव त्यांनी १८०६मध्ये दिले.

त्याआधी शंभर वर्षे, १७०५मध्ये, हडसन नदीजवळ सापडलेली अशीच एक दाढ प्रलयापूर्वीच्या राक्षसाची मानली गेली होती. ते अज्ञान त्या काळात क्षम्य होते. घटोत्कचाचा सांगाडा म्हणून आपल्याकडे फिरवले गेलेले बनावट छायाचित्र पुढे ढकलणाऱ्यांना तशी सवलत देता येत नाही, कारण हाड ओळखण्याची पद्धत आता दोनशे वर्षांहून जुनी आहे.

जेफरसन स्वतः पुराव्यापासून दूर पळाले नाहीत. त्यांनी १८०७मध्ये विल्यम क्लार्क यांना केंटकीतील बिग बोन लिक येथे उत्खननासाठी पाठवले, आलेली हाडे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात मांडली आणि त्यांतली काही पॅरिसला धाडली. एप्रिल १८२३मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ॲडम्स यांना लिहिलेल्या पत्रात काही प्राणिजाती नामशेष झाल्या आहेत हे त्यांनी सरळ मान्य केले. साखळीची जुनी भीती मात्र त्याच वाक्यात पुन्हा डोकावते: गेलेले भरून काढणारी एखादी शक्ती नसेल, तर सगळेच अस्तित्व एकामागून एक विझत जाईल, असे ते पुढे लिहितात.