पोर्ट्समथ प्रसंग, २००८ (महिला उमेदवाराच्या भावना आणि मतदारांचा प्रतिसाद)

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी कुणाला मिळणार याची चुरस शिगेला पोचलेली असताना, ७ जानेवारी २००८ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ शहरात एका कॅफेत बोलताना हिलरी क्लिंटन यांचा आवाज कातर झाला आणि डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी मतदान झाले आणि बहुतेक सगळ्या जनमत चाचण्या खोट्या ठरवत त्या जिंकल्या. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असे धरून चालण्यात आले आणि 'अश्रूंनी निवडणूक फिरवली' हा समज रूढ झाला. स्त्री उमेदवाराने भावना दाखवल्या तर मतदार काय करतो, या चर्चेत आजही हाच दाखला पहिल्यांदा पुढे येतो. प्रसंग खरा आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र पुराव्यापुढे टिकत नाही.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी घेतलेले मतदान. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत तो कौल सामान्य मतदाराकडे असतो. देशातली पहिली प्रायमरी आपल्याकडेच व्हावी असा कायदा न्यू हॅम्पशायरने केलेला आहे. कोणत्याही पक्षात नाव न नोंदवलेल्या मतदारालाही तिथे दोहोंपैकी एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. असे मतदार संख्येने मोठे आणि शेवटपर्यंत मन न ठरवणारे. राज्य लहान असल्याने प्रचार कॅफेत, शाळांच्या सभागृहांत, लोकांच्या घरच्या बैठकीत चालतो. मतदार उमेदवाराला हातभर अंतरावरून पाहतो. त्यात सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, म्हणजे धोरणांत फारसे अंतर नाही. मग स्वभाव, बोलण्याची ढब, माणूस खरा वाटतो की नाही, यावर मत हलते. भावनांचा प्रश्न सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा प्रायमरीत अधिक तीव्र होतो तो यामुळे.

क्लिंटन यांच्या प्रचाराची आखणी याच्या नेमकी उलट दिशेने झाली होती. त्यांचे मुख्य रणनीतिकार मार्क पेन यांनी २००६ च्या अखेरीस लिहिलेले टिपण पुढे प्रसिद्ध झाले. मतदार अध्यक्षाला देशाचा पिता मानतात, त्यांना 'पहिली आई' नको आहे, पण तो 'पहिला पिता' स्त्री असली तर चालेल, असा त्यातला विचार होता आणि नमुना म्हणून मार्गारेट थॅचर यांचे नाव होते. कणखरपणा आणि अनुभव एवढेच लोकांसमोर ठेवायचे, हळवेपणाला जागा द्यायची नाही, असा हा बेत. त्याची किंमत लवकरच दिसली. ३ जानेवारीला आयोवा राज्याच्या कॉकसमध्ये, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठी मतदारांनी एकत्र बसून घेतलेल्या सभांत, बराक ओबामा पहिले आले, जॉन एडवर्ड्स दुसरे आणि क्लिंटन थोडक्या फरकाने तिसऱ्या. तिथे स्त्रियांतही ओबामा त्यांच्या पुढे होते.

५ जानेवारीला सेंट ॲन्सेल्म कॉलेजात झालेल्या वादसभेत सूत्रसंचालकाने क्लिंटन यांना विचारले, की मतदारांना तुमचा अनुभव पटतो, पण माणूस म्हणून ओबामा जास्त आवडतात, याचे काय? त्यांनी हसून उत्तर दिले, "याने मन दुखावलं माझं, पण मी कसंबसं सावरेन." ओबामा कागदावरची नजर फारशी न हलवता म्हणाले, "तुम्ही पुरेशा आवडण्याजोग्या आहात, हिलरी." सभागृहात हे वाक्य थंड आणि उर्मट वाटले. ओबामांच्या बाजूच्या काहींनीही पुढे ते चुकल्याचे मानले.

पोर्ट्समथच्या कॅफे एस्प्रेसोमध्ये सोमवारी सकाळी अजून मत न ठरवलेल्या मोजक्या मतदारांना टेबलाभोवती बसवले होते. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. गप्पा आरोग्यविमा, अर्थव्यवस्था अशाच चाललेल्या. शेवटी एका बाईंनी विचारले, "तुम्ही हे सगळं कसं निभावता? इतक्या उत्साही कशा राहता?" आणि जोडीला केसांविषयीही: ते इतके नीटनेटके कोण ठेवतं? क्लिंटन यांनी केसांचे हसण्यावारी नेले. खास दिवशी मदतीला कुणी तरी असतं, म्हणाल्या. मग "हे सोपं नाही" असे म्हणून थांबल्या. पुढची वाक्ये हळू, खालच्या पट्टीत आली. या देशाने मला इतकं दिलं, तो मागे पडलेला मला बघवत नाही. हे माझ्यासाठी फार व्यक्तिगत आहे, नुसतं राजकीय नाही, नुसतं सार्वजनिक नाही, अशा आशयाचे त्या बोलल्या. डोळ्यांत पाणी तरळले, पण गालावर ओघळले नाही. बातम्यांतून 'रडल्या' हा शब्द फिरला. चित्रफितीत रडणे दिसत नाही. त्याच दमात त्या सावरल्या आणि आपल्यापैकी काही जण तयार आहेत, काही नाहीत, पहिल्या दिवशी काय करायचं हे काहींना ठाऊक आहे, काहींनी तेवढा विचार केलेला नाही, असा ओबामांवरचा नेहमीचा वारही केला. हा भाग पुढच्या चर्चेतून जवळपास गळून गेला. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी तो ऐकला होता. क्षणभर आपण हेलावलो, पण पुढच्या वाक्यांनी तो परिणाम पुसला गेला, असे त्यांनी सांगितले आणि मत ओबामांना दिले.

चित्रफीत दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर फिरली. अभिनय की खरे, थकवा की कमकुवतपणा, यावर तासन्‌तास खल झाला. एडवर्ड्स म्हणाले, की सेनापतीपदासाठी (अमेरिकेचा अध्यक्षच सैन्याचा सरसेनापती असतो) ताकद आणि निर्धार लागतो. प्रचार कठीण असतो, पण अध्यक्षपदही कठीणच असते. त्याच संध्याकाळी सेलममधल्या सभेत दोन पुरुष उठून "माझा शर्ट इस्त्री कर" असे ओरडू लागले. लिंगभेदाचे अवशेष अजून जिवंत आहेत, असे उत्तर क्लिंटन यांनी दिले. एका दिवसात एका बाजूला डोळ्यांतल्या पाण्यावरून पात्रतेची चौकशी आणि दुसऱ्या बाजूला इस्त्रीची फर्माईश, असे दोन्ही न्यू हॅम्पशायरच्या मतदारांनी मतदानाच्या आदल्या रात्री पाहिले.

८ जानेवारीच्या निकालात क्लिंटन यांना ३९ टक्के, ओबामांना ३६ टक्क्यांच्या थोडी वर आणि एडवर्ड्स यांना १७ टक्के मते पडली. डेमोक्रॅटिक बाजूला २ लाख ८७ हजारांहून अधिक लोकांनी मतदान केले. चाचण्यांची सरासरी ओबामांना सुमारे ८ टक्क्यांची आघाडी देत होती. एका मोठ्या चाचणीत ती १३ पर्यंत गेली होती. एक्झिट पोलनुसार मतदारांत ५७ टक्के स्त्रिया होत्या आणि त्यांच्यात क्लिंटन ४६ विरुद्ध ३४ अशा पुढे राहिल्या. पुरुषांत ओबामा पुढे होते. विजयाच्या भाषणात क्लिंटन यांनी स्वतःच म्हटले, की गेल्या आठवड्यात मी तुमचं ऐकलं आणि त्यातून मला माझा स्वतःचा आवाज सापडला. अश्रूंच्या कथेला याने बळच मिळाले.

चाचण्या इतक्या का चुकल्या, हे शोधण्यासाठी जनमत संशोधकांच्या अमेरिकी संघटनेने मिशिगन विद्यापीठाचे मायकेल ट्रॉगॉट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००९ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात एकच कारण दाखवलेले नाही. बऱ्याच चाचण्या मतदानाच्या आधी लवकर थांबल्या होत्या. क्लिंटन यांच्या बाजूचे मतदार फोनवर पहिल्या प्रयत्नात सापडत नव्हते. मतपत्रिकेवर त्यांचे नाव वरच्या भागात आणि ओबामांचे बरेच खाली होते, याचाही थोडा परिणाम झालेला असू शकतो. गोऱ्या मतदारांनी वर्णभेद लपवण्यासाठी चाचणीत खोटे सांगितले, या शंकेला मात्र आधार मिळाला नाही. पोर्ट्समथच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे: ज्यांनी अगदी शेवटच्या दिवशी मत ठरवले, त्यांच्यातही क्लिंटन यांची आघाडी एकूण निकालाइतकीच, थोडीशी होती. चित्रफीत पाहून मतदारांची लाट वळली असती, तर ती इथे सर्वांत ठळक दिसायला हवी होती.

तरीही आयोवा ते न्यू हॅम्पशायर या पाच दिवसांत स्त्रियांचा कौल बदलला, हे नाकारता येत नाही. काही फरक पद्धतीचा आहे. कॉकसला ठरावीक संध्याकाळी तासन्‌तास बसावे लागते. रात्रपाळीची नोकरी किंवा घरी लहान मूल असेल त्या बाईला ते जमत नाही, प्रायमरीचे मत दिवसभरात केव्हाही देता येते. पण उरलेल्या फरकाचे काय? मतदानानंतर वार्ताहरांशी बोललेल्या अनेक स्त्रियांच्या बोलण्यात अश्रूंविषयीच्या कणवेपेक्षा अश्रूंच्या टिंगलीविषयीचा संताप जास्त होता. वादसभेतला 'आवडण्याचा' प्रश्न, वाहिन्यांवरच्या पुरुष समालोचकांचे हसे, सेलममधली घोषणा हे सगळे त्यांनी आपल्या कचेरीत, आपल्या घरात पाहिलेले होते. मतदारांनी प्रतिसाद दिला तो उमेदवाराच्या भावनेला कमी आणि तिला मिळालेल्या वागणुकीला जास्त, हे स्पष्टीकरण उपलब्ध माहितीशी अधिक जुळते. शिवाय ते मतदार स्त्रियांना विचार करणारी माणसे मानते. पाणावलेले डोळे पाहून विरघळणारा जमाव, ही त्यांची प्रतिमा अन्यायकारक आहे.

सगळ्यांना मात्र तो प्रसंग सारखा दिसला नाही. ओबामांच्या प्रचाराचे सहअध्यक्ष, खासदार जेसी जॅक्सन (कनिष्ठ) यांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी दूरचित्रवाणीवर विचारले, की हे अश्रू २००५ च्या, कृष्णवर्णीयांची दैना करणाऱ्या कतरिना चक्रीवादळाच्या वेळी कुठे होते? रोख उघडच दक्षिण कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांकडे होता. तिथे २६ जानेवारीला ओबामा दुपटीहून अधिक मतांनी जिंकले.

प्रश्न जुना आहे. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभ्या राहिलेल्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांना आपल्या घोषणेच्या भाषणातच, स्त्रीला ही दगदग झेपणार नाही, या आक्षेपाचा उल्लेख करावा लागला. १९७० मध्ये एडगर बर्मन या डेमोक्रॅटिक पक्षाशी संबंधित डॉक्टरांनी संप्रेरकांच्या असंतुलनाचा हवाला देत स्त्रियांना मोठ्या पदांसाठी अपात्र ठरवले. खासदार पॅट्सी मिंक यांनी आवाज उठवल्यावर बर्मन यांना पक्षाच्या समितीतून बाहेर पडावे लागले. पुरुषांनाही अश्रू भोवले आहेत. फेब्रुवारी १९७२ मध्ये सिनेटर एडमंड मस्की न्यू हॅम्पशायरच्याच मँचेस्टरमध्ये 'युनियन लीडर' वृत्तपत्राच्या कचेरीसमोर, भर बर्फात, पत्नीवरच्या शेऱ्यांचा निषेध करताना गहिवरले. गालावर वितळलेला बर्फ होता असे ते सांगत राहिले. मस्की ती प्रायमरी ४६ विरुद्ध ३७ टक्क्यांनी जिंकले, पण 'रडका उमेदवार' ही छाप पुसली गेली नाही आणि त्यांची मोहीम ढासळली. ही बातमी देणारे डेव्हिड ब्रोडर यांनी पंधरा वर्षांनी आपल्या वार्तांकनाविषयी जाहीर शंका व्यक्त केली. सप्टेंबर १९८७ मध्ये कोलोराडोच्या खासदार पॅट्रिशिया श्रोडर डेन्व्हरमध्ये, अध्यक्षपदासाठी आपण उभ्या राहत नाही, असे सांगताना रडल्या. त्यांची नक्कल दूरचित्रवाणीवर झाली आणि स्त्रियांची नाचक्की केली म्हणून स्त्रियांनीही त्यांना सुनावले. पुढे त्यांनी चारचौघांत रडलेल्या पुरुष नेत्यांच्या बातम्यांची कात्रणे जमवून एक फाईलच ठेवली. तोवर हवा बदलली होती. डिसेंबर २००७ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले मिट रॉम्नी यांचे डोळे मुलाखतीत पाणावले, तेव्हा बातमी झाली आणि विषय मिटला.

संशोधनाची साक्ष एकमुखी नाही. व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उल्मन यांच्या २००८ च्या प्रयोगांत रागावलेल्या पुरुषाला लोकांनी वरचा दर्जा दिला, रागावलेल्या स्त्रीला खालचा. पुरुषाचा राग परिस्थितीमुळे आला असे मानले गेले, स्त्रीचा राग तिच्या स्वभावाला चिकटवला गेला. रागाचे बाहेरचे कारण स्पष्ट सांगितले की स्त्रीचे नुकसान घटले. उलट न्यू हॅम्पशायरच्याच डार्टमथ कॉलेजच्या डेबोरा जॉर्डन ब्रूक्स यांनी काल्पनिक उमेदवारांवरच्या बातम्या, फक्त नावात स्त्री-पुरुष बदल करून, मोठ्या नमुन्याला वाचायला दिल्या. तेव्हा रडणे आणि चिडणे दोघांनाही जवळपास सारखेच महागात पडले. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. कागदावरच्या अनोळखी उमेदवाराला मतदार समान मापाने मोजतो असे धरले, तरी खऱ्या निवडणुकीत एकीचे दोन मिनिटांचे गहिवरणे आठवडाभर दाखवले जाते आणि दुसऱ्याचे एका संध्याकाळी संपते. तो भेद मतदाराच्या मनापर्यंत पोचण्याआधीच झालेला असतो, आणि प्रयोगशाळेत तो मोजला जात नाही.

२०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरने क्लिंटन यांना साथ दिली नाही. बर्नी सँडर्स ६० विरुद्ध ३८ टक्क्यांनी जिंकले आणि एक्झिट पोलनुसार स्त्रियांतही पुढे राहिले. त्या वर्षी क्लिंटन यांच्यावरचा आक्षेप उलटा होता: त्या ओरडतात, हसत नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये जो बायडेन यांनी डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतल्या प्रतिस्पर्धी एलिझाबेथ वॉरन यांच्या भूमिकेला रागीट आणि आडमुठी म्हटले, तेव्हा वॉरन यांनी समर्थकांना कळवले, की होय, मी रागावलेली आहे आणि तो राग माझा आहे. २०२० च्या न्यू हॅम्पशायर प्रायमरीत त्या ९ टक्क्यांवर, चौथ्या स्थानी थांबल्या. त्याच प्रायमरीच्या चार दिवस आधी, २००८ ची वादसभा झाली त्याच सेंट ॲन्सेल्म कॉलेजात, त्याच शर्यतीतल्या एमी क्लोबुचर यांनी वादसभेच्या समारोपात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या अंत्ययात्रेच्या गाडीची आठवण सांगितली. रुळांशेजारी हुंदके देणाऱ्या माणसाला वार्ताहराने विचारले, अध्यक्ष तुमच्या ओळखीचे होते का? तो म्हणाला, मी त्यांना ओळखत नव्हतो, पण ते मला ओळखत होते. त्यानंतर क्लोबुचर यांचा पाठिंबा झपाट्याने वाढला आणि त्या जवळपास २० टक्के मते घेऊन तिसऱ्या आल्या.