टिंबक्टूचे बक्षीस आणि रने काये

पॅरिसच्या भूगोल मंडळाने १८२४ च्या सुमारास एक बक्षीस जाहीर केले. सहाराच्या दक्षिण काठावरच्या, आजच्या मालीतल्या टिंबक्टूला जाऊन, जिवंत परतून, शहराचा भरवशाचा वृत्तान्त देणाऱ्या पहिल्या प्रवाशाला वर्गणीतून जमलेले सुमारे दहा हजार फ्रँक मिळणार होते. खरी कसोटी परतण्याची होती. ती पार केली रने काये या पाववाल्याच्या मुलाने, आणि तीही सरकारचा एक पैसा न घेता.

टिंबक्टूचे वेड जुने होते. मालीचा सुलतान मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतके सोने वाटत गेला की त्याची कीर्ती भूमध्य समुद्रापलीकडे पोहोचली. १३७५ च्या कातालान नकाशात तो हातात सोन्याचा गोळा घेऊन बसलेला दिसतो. लिओ आफ्रिकानस या प्रवाशाचे टिंबक्टूचे वर्णन १५५० मध्ये छापले गेले आणि युरोपच्या डोक्यात सोन्याचे शहर पक्के बसले. प्रत्यक्षात १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने, टिंबक्टू ज्यात होते ते सोंघाई राज्य मोडले, आणि अटलांटिक किनाऱ्यावरचा व्यापार वाढत गेला तसे वाळवंटी मार्गांचे महत्त्वही घटले. या दोन गोष्टी युरोपात फारशा कोणी लक्षात घेतल्या नाहीत.

रने कायेचा जन्म १९ नोव्हेंबर १७९९ रोजी पश्चिम फ्रान्समधल्या मोझे गावी झाला. किरकोळ चोरीच्या आरोपावरून बापाला सक्तमजुरी झाली आणि तो शिक्षा भोगतानाच वारला. पुढे आईही गेली. सोळाव्या वर्षी खिशात साठ फ्रँक घेऊन तो सेनेगलकडे निघाला. त्याचे ‘लुआर’ जहाज त्याच ताफ्यात होते ज्यातले ‘मेदूझ’ वाळूत रुतून फुटले. पुढे एका इंग्रज मोहिमेबरोबर तो आतल्या मुलखात गेला. ती मोहीम मालाच्या आणि माणसांच्या ओझ्याखालीच खचली. वाटेतला प्रत्येक प्रमुख नजराणा मागे, पाणी पुरत नसे आणि सामान पाहून लोभ वाढे. मोठा लवाजमा हाच मोठा धोका, हे त्याने तिथे पाहिले. तापाने त्याला फ्रान्सला परतावे लागले.

१८२४ मध्ये तो पुन्हा सेनेगलला आला आणि तयारीला लागला. सेनेगल नदीच्या उत्तरेकडच्या ब्राक्ना मूर या भटक्या मुसलमान टोळीच्या तळावर जाऊन, मुसलमान व्हायचे आहे असे सांगून, तो अनेक महिने राहिला. (हे लोक डिंक विकत आणि बदल्यात निळे सुती कापड घेत. ते कापड मुख्यतः पाँडिचेरीहून येई.) तिथे तो अरबी, नमाज, उपवास आणि जेवणाखाण्याच्या रीती शिकला. परतल्यावर त्याने फ्रेंच गव्हर्नरकडे सहा हजार फ्रँक मागितले. नकार मिळाला. मग सिएरा लिओनमधल्या, इंग्रजांच्या फ्रीटाउनला जाऊन निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी धरली आणि दोन हजार फ्रँक साठवले. त्यातल्या बहुतेक रकमेचे कागद, तंबाखू, काचमणी, पोवळी, आरसे, कात्र्या असे सामान घेतले. उरलेली नाणी कमरपट्ट्यात लपवली. सोबत दोन छोटी होकायंत्रे, क्विनाइनसारखी थोडी औषधे आणि एक छत्री.

सोंगाची कथा त्याने विचारपूर्वक रचली होती: जन्म इजिप्तमध्ये, लहानपणी नेपोलियनच्या सैनिकांनी फ्रान्सला नेले, आता घरी परतायचे आहे. गोरा रंग, अडखळते अरबी आणि पूर्वेकडे जायचे कारण, तिन्हींचा उलगडा त्यात होई. टिपणे मात्र जिवावर बेतू शकली असती. तो झुडपाआड बसून लिही, मांडीवर कुराणाची पाने ठेवून. कोणी आलेच तर पाठांतर चालू आहे असे दिसे. अंतर चालण्याच्या तासांवरून, दिशा होकायंत्रावरून. त्याच्या नकाशातल्या चुकांचे मूळ बव्हंशी या पद्धतीत आहे.

१९ एप्रिल १८२७ रोजी तो आजच्या गिनीतल्या काकोंडीहून मांडिंगो व्यापाऱ्यांसोबत निघाला, फ्युता जालोंचा डोंगराळ मुलूख ओलांडून कुरुसाजवळ नायजर नदी पार केली आणि ऑगस्टमध्ये तियेमे गावी अडकला. पायाची जखम चिघळली. ती भरत आली तोच स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने, गाठले. टाळूच्या हाडाचे तुकडे सुटून पडले. एका म्हाताऱ्या बाईने झाडपाल्याच्या काढ्याने त्याला उभे केले. ती नसती तर प्रवास तिथेच संपला असता. जानेवारीत तो पुन्हा निघाला, मार्चमध्ये जेने या व्यापारी शहरी पोहोचला आणि तिथून पडावाने नायजरच्या प्रवाहाबरोबर. नाव मिळवताना छत्री कामी आली, ती तिथल्या शरीफाला (पैगंबराच्या वंशातल्या मानल्या जाणाऱ्या प्रतिष्ठिताला) गेली. २० एप्रिल १८२८ रोजी तो टिंबक्टूत शिरला.

सोने कुठेच नव्हते. मातीची घरे, भोवती पिवळी वाळू, दहा-बारा हजार वस्ती. धान्य जेनेहून कबारा बंदरापर्यंत नावेने येई, मीठ तौदेनीच्या खाणींतून उंटांवर. सरपण इतके दुर्मीळ की गरीब लोक उंटांची लीद जाळत, आणि पाणीसुद्धा बाजारात विकत मिळे. वाळवंटातले भटके तुआरेग लोक वाटा अडवून खंडणी घेत. कायेच्या मुक्कामासमोरच ब्रिटिश लष्करातला मेजर लेंग पूर्वी राहिला होता. तो १८२६ मध्ये, आपण इंग्रज आहोत हे न लपवता आला, आणि शहर सोडल्यावर मारला गेला. पहिला मान लेंगचाच. कायेचे वेगळेपण परत येण्यात आहे.

परतीची सोपी वाट मागे, सेनेगलकडे होती. पण त्या वाटेने आलो तर तिथपर्यंत गेलो होतो यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा हिशेब. म्हणून ४ मे रोजी त्याने उत्तरेकडे जाणारा सुमारे सहाशे उंटांचा तांडा धरला. वाटेतल्या अरावान गावी तो चौदाशेवर गेला. ऐन उन्हाळ्यात सहारा. विहिरींमधले अंतर आठवडाभराचे, आणि उष्ण वाऱ्याने कातडी पखालींतले पाणी आटत जाई. तांड्यातले लोक त्याला फुकट पोसायचा भिकारी समजून छळत. जुलैअखेर मोरोक्कोतले ताफिलाल्त, १२ ऑगस्टला फेझ, ७ सप्टेंबरला टँजिअर. तिथल्या फ्रेंच उपवाणिज्यदूताने त्याला लपवले आणि खलाशाच्या वेषात तूलाँच्या जहाजावर चढवले.

बक्षीस मिळाले, सन्मानपदक मिळाले आणि १८३० मध्ये तीन खंडांत वृत्तान्त छापला गेला. इंग्लंडमध्ये मात्र शंका घेतल्या गेल्या. लेंगचे श्रेय फ्रेंचांनी लाटले, हा सल त्यामागे होताच. काये १७ मे १८३८ रोजी क्षयाने वारला, वय अडतीस. जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ १८५३ मध्ये टिंबक्टूला पोहोचला तेव्हा त्याने कायेचे वर्णन प्रामाणिक ठरवले. फ्रेंच फौज तिथे गेली १८९४ च्या सुरुवातीला, आणि एकट्याने, उधारीच्या अरबीवर हा मुलूख पार केलेल्या माणसाला वसाहतवाद्यांनी आपला पूर्वज करून टाकले.